मौन हेही एक लक्षणच

बालरोगतज्ज्ञाला लक्षणे वाचण्याची सवय असते. तरीही एका लक्षणापुढे मी दीर्घकाळ अनभिज्ञ राहिले.

काही वर्षांपूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी पोटदुखीसाठी तीन वेळा माझ्याकडे आली. रक्त, लघवी, सोनोग्राफी, सारे निर्दोष. माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिची आईच देत होती. मी औषध बदलून दिले. आईंना क्षणभर बाहेर बसावयास सांगितले नाही. चौथ्यांदा ती आली नाही. तिच्या मनात काय होते, हे मला आजही ठाऊक नाही.

पुढे लोरी हाल्स अँडरसन या अमेरिकन लेखिकेची 'स्पीक' (१९९९) ही कुमारांसाठीची कादंबरी वाचनात आली आणि ती मुलगी पुन्हा समोर उभी राहिली. कादंबरीतील मेलिंडा नववीत प्रवेश करते, तेव्हा तिच्याशी कुणी बोलत नाही. सुटीतील एका पार्टीत तिने पोलिसांना फोन केला, एवढेच सर्वांना माहीत असते. त्या रात्री वरच्या वर्गातील एका मुलाने तिच्यावर बलात्कार केला होता, हे तिने कुणालाच सांगितलेले नसते. ती ओठ चावून सोलते, वर्ग चुकवते, शाळेतील अडगळीच्या खोलीत लपते, तिथला आरसा झाकून टाकते. गुण घसरतात. मोठ्यांना हा हट्टीपणा, लक्ष वेधून घेण्याचा प्रकार वाटतो.

आपल्या दृष्टीने पाहता या साऱ्या तक्रारी आहेत. मेलिंडाच्या दृष्टीने ते बचावाचे उपाय आहेत. जे सांगता येत नाही, ते शरीर आणि वर्तन सांगू लागते. कादंबरी प्रथमपुरुषी असल्याने, तपासणीच्या टेबलावरून कधीही न दिसणारी ही आतली बाजू आपल्याला दिसते.

मुलगेही यातून सुटत नाहीत. स्टीफन चबॉस्की यांच्या 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' (१९९९) मधील चार्ली एका अनोळखी मित्राला पत्रे लिहितो. लहानपणी अत्याचार करणारी व्यक्ती त्याची लाडकी मावशीच होती, ही स्मृती त्याच्या मनाने दडपून टाकलेली असते. ती वर येते तेव्हा त्याला रुग्णालयात दाखल व्हावे लागते. प्रेम आणि आघात एकाच माणसाकडून मिळाले, की मुलाचा गोंधळ किती खोल जातो, हे येथे कळते.

मेलिंडाला सावरते कोण? मुख्यतः चित्रकलेचे शिक्षक. ते उलटतपासणी घेत नाहीत. वर्षभर एकच विषय देतात, झाड. पुन्हा पुन्हा फसत ती ते झाड काढते. तिला वेळ मिळतो, एक विश्वासू प्रौढ मिळतो, आणि शेवटी शब्द सापडतात. अर्थात प्रत्यक्षात चित्रकला पुरेशी नसते. मनोविकारतज्ज्ञ वा समुपदेशक यांची मदत हवीच.

आपल्याकडील परिस्थिती निराळी नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात, तेरा राज्यांतील पाहणीत ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे डॉक्टरांसह सर्वांनाच बंधनकारक आहे. म्हणून 'मी कुणालाही सांगणार नाही' असे वचन मुलाला कधीही देऊ नये. 'तुझ्या सुरक्षेसाठी ज्यांना सांगणे आवश्यक आहे, त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला कल्पना देईन' हे वचन मात्र देता येते आणि पाळताही येते.

पालकांना एकच विनंती: मुलांच्या हाती अशी कादंबरी दिसली तर ती काढून घेऊ नका, स्वतः वाचा. कदाचित संवादाची सुरुवात तिथूनच होईल.

आता माझ्या दवाखान्यात दहा वर्षांवरील प्रत्येक रुग्णाची पाच मिनिटे केवळ त्याची असतात. पालक बाहेर बसतात. बरीच मुले काहीच बोलत नाहीत. तरीही मी ती पाच मिनिटे राखून ठेवते.