चित्रपटाच्या ध्वनिसंस्करणासाठी सॉफ्टवेअरची निवड : ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने एक विवेचन

प्रस्तावना :

चित्रपट पाहिला जातो तसाच तो ऐकलाही जातो. तथापि आपल्याकडील चित्रपटविषयक लेखनात कथा, अभिनय, दिग्दर्शन व गीत यांची जेवढी चर्चा होते, तेवढी ध्वनीची होत नाही. अलीकडच्या काळात ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी मोबाइलवर लघुपट तयार करू लागले आहेत. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात असलेल्या दिंद्रुड परिसरात ऊसतोड, स्थलांतर व पाणीटंचाई हे विद्यार्थ्यांच्या रोजच्या अनुभवातील विषय असल्याने ते लघुपटांत येणे स्वाभाविकच आहे. चित्रीकरण संपले की मात्र एक प्रश्न हमखास पुढे येतो : ध्वनीचे काम कोणत्या सॉफ्टवेअरवर करावे?

‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?’ असा प्रश्न विचारला जातो, तो मुळात अपुरा आहे. कोणते काम करावयाचे आहे, ते काम पुढे कोणाच्या हाती जाणार आहे आणि विद्यार्थ्याला ते सॉफ्टवेअर कायदेशीर मार्गाने किती काळ वापरता येईल, या तीन बाबींवर निवड अवलंबून असते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे :

१) चित्रीकरणोत्तर ध्वनिकार्याचे टप्पे स्पष्ट करणे.
२) सॉफ्टवेअर निवडीच्या कसोट्या मांडणे.
३) प्रचलित सॉफ्टवेअरचा या कसोट्यांवर विचार करून ग्रामीण महाविद्यालयासाठी व्यवहार्य मार्ग सुचविणे.

ध्वनिकार्याचे टप्पे :

चित्रपटाचे संकलन निश्चित झाल्यानंतर ध्वनीचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते. प्रथम संवादांचे संकलन होते. चित्रीकरणस्थळी मुद्रित झालेल्या संवादांतील खरखर, अडथळे व आवाजाच्या पातळीतील चढउतार या टप्प्यात दूर केले जातात. जे संवाद वापरता येत नाहीत ते नटांकडून पुन्हा म्हणवून घेतले जातात. यालाच डबिंग म्हणतात. त्यानंतर पावलांचा, कपड्यांच्या सळसळीचा, भांड्यांचा आवाज पडद्यावरील हालचाल पाहून नव्याने मुद्रित केला जातो. या कामाला हॉलिवूडमधील जॅक फॉली यांच्या नावावरून फॉली असे नाव पडले आहे. वारा, पाखरे, रस्ता, बाजार असे वातावरणाचे ध्वनी स्वतंत्र थरात मांडले जातात. संगीत शेवटी जोडले जाते आणि या सर्व थरांचा तोल साधून अंतिम मिश्रण केले जाते. म्हणजेच एका पूर्ण लांबीच्या चित्रपटात शंभराहून अधिक ट्रॅक सहज होऊ शकतात. दहा मिनिटांच्या लघुपटाला वीस-पंचवीस ट्रॅक पुरतात.

मराठी चित्रपटातील ध्वनीची पार्श्वभूमी :

प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट होय. त्या काळी चित्रीकरण होत असतानाच आवाज मुद्रित केला जात असे. पुढे बाह्यचित्रीकरण वाढले, कॅमेऱ्यांचा आवाज अडथळा ठरू लागला आणि संवाद नंतर डबिंगने भरण्याची रीत भारतीय चित्रपटसृष्टीत रूढ झाली. ‘लगान’ (२००१) या हिंदी चित्रपटाने चित्रीकरणस्थळीच संवाद मुद्रित करण्याच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वेधले.

मराठीत या संदर्भात भाऊराव कऱ्हाडे यांच्या ‘ख्वाडा’ या चित्रपटाचा उल्लेख आवश्यक ठरतो. मेंढरांमागे भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची कथा सांगणाऱ्या या चित्रपटाला २०१४ या वर्षासाठीच्या ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत चित्रीकरणस्थळावरील ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. माळरानावरील बोली आणि मेंढरांचे आवाज ही स्टुडिओच्या बंद खोलीत सहज निर्माण होणारी गोष्ट नव्हे. त्याच पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेल्या चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी या भाषा एकाच पटात वावरतात. कोण कोणत्या भाषेत आणि कोणत्या ढंगात बोलतो, हाच तेथे आशयाचा भाग आहे. यावरून असे म्हणता येईल की, ध्वनिसंस्करण हे केवळ तांत्रिक काम नसून त्याचा भाषेशी थेट संबंध आहे.

या संदर्भात प्रस्तुत लेखकाला आलेला एक अनुभव नोंदविणे उचित होईल. विद्यार्थ्यांनी ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबावर बारा मिनिटांचा लघुपट तयार केला. चित्र मोबाइलवर आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला होता. विद्यार्थ्यांच्या ओळखीचे जे मोफत ध्वनी-सॉफ्टवेअर होते त्यात चित्र दिसत नव्हते. शेवटच्या प्रसंगापर्यंत ओठ व शब्द यांत स्पष्ट अंतर पडले. कारण सापडेना, म्हणून एका खोलीत डबिंग करण्याचे ठरले. मायक्रोफोनसमोर उभे राहताच मुले नकळत पुस्तकी मराठी बोलू लागली. ‘काय करायलास’ याचे ‘काय करतो आहेस’ झाले. लघुपट ओठांशी जुळला, परंतु तो ज्यांच्याविषयी होता त्यांची बोली त्यातून गेली. योग्य साधन हाती असते तर मूळ ध्वनी वाचला असता. निवडीच्या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

निवडीच्या कसोट्या :

अ) चित्र व ध्वनी यांचा मेळ : सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसले पाहिजे आणि फ्रेमचा वेग ठरविता आला पाहिजे. चित्रपटगृहासाठी सेकंदाला २४ फ्रेम हा रूढ वेग आहे. अनेक डिजिटल कॅमेऱ्यांत तो प्रत्यक्षात २३.९७६ असतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु नव्वद मिनिटांच्या चित्रपटात तो सुमारे ५.४ सेकंदांचा होतो. २४ फ्रेमचा तोच चित्रपट २५ फ्रेमच्या वेगाने चालविल्यास तो ८६ मिनिटे २४ सेकंदांत संपतो. एक फ्रेम म्हणजे अवघे ४२ मिलिसेकंद. तरीही दोन-तीन फ्रेमचे अंतर पडले तर ते प्रेक्षकाला खटकू लागते. मोबाइलच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. त्यावरील चित्राचा वेग अनेकदा स्थिर नसतो, तो प्रकाशानुसार कमीअधिक होतो. म्हणून संकलनापूर्वीच असे चित्र स्थिर वेगात रूपांतरित करून घ्यावे. वरील लघुपटातील दोषाचे मूळ येथेच होते.

आ) देवाणघेवाण : संकलकाकडील ध्वनीची मांडणी ध्वनिसंकलकाकडे ओएमएफ अथवा एएएफ या स्वरूपात पाठविली जाते. कोणता तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, ही माहिती त्यात असते. ‘सैराट’ (२०१६) या चित्रपटाचे चित्रीकरण करमाळा परिसरात झाले, तर त्याच्या संगीतासाठीचा वाद्यवृंद अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील सोनीच्या स्टुडिओत मुद्रित झाला. इतक्या दूरच्या ठिकाणी तयार झालेले ध्वनी एका पटात जुळवायचे असतील तर सर्वांनी समान स्वरूप पाळणे अपरिहार्य ठरते. फाइलींची नावे रोमन लिपीत व छोटी ठेवल्यास ती बिघडण्याचा धोका कमी होतो, हेही येथे नमूद करावे.

इ) साठवण व संगणकाची क्षमता : चित्रपटासाठी ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट हे प्रमाण वापरले जाते. या प्रमाणानुसार एका ट्रॅकचा एक तास सुमारे ५१८ मेगाबाइट जागा घेतो. साध्या संगणकावरही लघुपटाचे काम होऊ शकते, हे यावरून दिसते. मात्र जेथे वीजपुरवठा अधूनमधून खंडित होतो, तेथे सॉफ्टवेअरमध्ये काम आपोआप जतन होण्याची सोय चालू आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

ई) परवाना : चोरीची प्रत वापरून विद्यार्थी जे शिकतो ते त्याला उघडपणे वापरता येत नाही. शिवाय अशा प्रतींतून संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो. महाविद्यालयाने तरी हा मार्ग विद्यार्थ्यासमोर ठेवू नये.

प्रचलित सॉफ्टवेअर :

प्रो टूल्स हे डिजिडिझाइन या कंपनीने १९९१ मध्ये आणले. १९९५ मध्ये ही कंपनी अ‍ॅव्हिडकडे गेली. चित्रपटाच्या व्यावसायिक स्टुडिओंत ते जगभर प्रमाण मानले जाते. त्याचे बळ केवळ गुणवत्तेत नसून, पुढचा स्टुडिओही तेच वापरतो यात आहे. पूर्ण आवृत्तीचा वार्षिक खर्च लहान महाविद्यालयाला जड जातो. ‘इंट्रो’ ही मोफत आवृत्ती आहे, परंतु तीत ध्वनीचे आठच ट्रॅक मिळतात.

न्यूएंडो हे जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने २००० मध्ये आणलेले सॉफ्टवेअर असून त्यात डबिंग व चित्रपटमिश्रणाच्या सोयी चांगल्या आहेत. खर्चाची अडचण तेथेही आहेच.

फेअरलाइट ही मूळची ऑस्ट्रेलियातील ध्वनिप्रणाली. ब्लॅकमॅजिक डिझाइन कंपनीने ती २०१६ मध्ये घेतली आणि २०१७ मध्ये दा विंची रिझॉल्व्ह या संकलन सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट केली. चित्रसंकलन व ध्वनिसंकलन एकाच जागी होत असल्याने देवाणघेवाणीचा टप्पाच टळतो. याची मोफत आवृत्ती उपलब्ध आहे. मात्र त्यासाठी बऱ्यापैकी क्षमतेचा संगणक लागतो.

रीपर हे आकाराने लहान असून जुन्या संगणकावरही चालते. त्यात चित्र दाखविता येते. साठ दिवस ते विनामूल्य वापरून पाहता येते व शैक्षणिक वापरासाठी ६० डॉलरचा सवलतीचा परवाना आहे. एएएफ थेट उघडण्याची सोय मात्र त्यात अंगभूत नाही. त्यासाठी वेगळा रूपांतरक लागतो.

ऑडॅसिटी मोफत व मुक्तस्रोत आहे. एखादी मुलाखत स्वच्छ करणे, एखादा आवाज कापणे यासाठी ते उत्तम आहे. परंतु त्यात चित्र दिसत नसल्याने लघुपटाचे संपूर्ण ध्वनिकार्य त्यावर करू नये.

ग्रामीण महाविद्यालयासाठी मार्ग :

वरील विवेचनावरून असे सुचविता येईल की, संगणक सक्षम असल्यास रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि जुना असल्यास रीपर हा पहिला पर्याय असावा. प्रो टूल्सची तोंडओळख त्याच्या मोफत आवृत्तीवर करून द्यावी, म्हणजे पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत जाणारा विद्यार्थी तेथे बावरणार नाही. काम सोपविताना संवाद, संगीत व इतर ध्वनी हे तीन गट स्वतंत्र डब्ल्यूएव्ही फाइलींत आणि सर्वांचा आरंभ एकाच बिंदूपासून ठेवून द्यावेत. अशा फाइली कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. उपलब्ध निधीतील मोठा वाटा सॉफ्टवेअरऐवजी चांगला मायक्रोफोन, वाऱ्यापासून संरक्षण देणारे आवरण व हेडफोन यांवर खर्च करावा. मुळातच नीट मुद्रित न झालेला शब्द कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णपणे परत मिळवून देत नाही.

समारोप :

सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलत राहतील. त्यांची नावेही बदलतील. परंतु फ्रेमचा वेग तपासणे, थर वेगळे ठेवणे, समान स्वरूपात काम सोपविणे आणि मूळ आवाज जपणे ही शिस्त कायम उपयोगी पडणारी आहे. अध्यापकाने शिकवावयाचे ते प्रामुख्याने हेच होय. ही शिस्त अंगी बाणली तर आपल्या विद्यार्थ्यांच्या लघुपटांतील माणसे त्यांच्या स्वतःच्या बोलीत बोलत राहतील.