रित्या घरांतील शिदोरी

घरांत सुबत्ता असतां मुलांचे लाड पुरविणें फारसें अवघड नाहीं. आईबापांच्या मायेची, व तिच्याबरोबर त्यांच्या शहाणपणाचीहि, खरी पारख होते ती कणगी रिकामी झाल्यावर. अशा वेळीं मुलांना काय द्यावें, हा प्रश्न प्रत्येक पिढींत कांहीं घरांपुढें उभा राहतोच. त्याचें एक उत्तर अनंतशास्त्री डोंगरे व लक्ष्मीबाई, म्हणजे पंडिता रमाबाईंचे मातापिता, यांच्या चरित्रांत सांपडतें. तें उत्तर थोर आहे. पण अपुरेंहि आहे, आणि म्हणूनच विचार करण्याजोगें आहे.

अनंतशास्त्री हे कर्नाटकांत स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यांतील व्युत्पन्न शास्त्री. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास धर्माची आडकाठी नाहीं, असें त्यांचें मत होतें, आणि पत्नीस स्वतः शिकवून त्यांनीं तें आचरणांत आणिलें. लोकांचा रोष झाला, तेव्हां ते सह्याद्रींतील गंगामूळच्या अरण्यांत जाऊन राहिले. तेथेंच २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. पुढें अतिथि व विद्यार्थी यांच्या परामर्शांत होतें नव्हतें तें सरलें, आणि हें कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थीं हिंडूं लागलें. डोक्यावर छप्पर नाहीं, उद्यांच्या शिध्याची शाश्वति नाहीं. पण धाकट्या मुलीचा पाठ चुकला नाहीं. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, म्हणून शिकविण्याचें काम लक्ष्मीबाईंनीं अंगावर घेतलें. दिवसाचीं कामें सुरू होण्यापूर्वीं, पहाटेस त्या मुलीला गोड शब्दांनीं उठवीत व पाठ देत. थोरल्या मुलीचा बालविवाह सुखाचा झाला नव्हता. त्यामुळें धाकटीचें लग्न लहानपणीं करावयाचें नाहीं, असाहि त्यांनीं निश्चय केला. त्या काळीं ही लहान गोष्ट नव्हे.

१८७४ च्या सुमारास दुष्काळानें या कुटुंबास गांठलें. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, आणि पुढें थोरली बहीणहि गेली. आईस नेतांना खांद्यास चौथा माणूस मिळेना. तेव्हां रमाबाईंनीं स्वतः भार उचलला, व उंची कमी म्हणून तो डोक्यावर घेतला, असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. त्यानंतर भाऊ श्रीनिवास व त्या, दोघें पायीं हिंडत राहिलीं. रानांतील फळांवर दिवस काढिले. पंजाबांतील थंडींत नदीकांठच्या वाळूंत खड्डे करून त्यांत रात्र काढिली. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं, तेव्हां तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मातेनें प्रवासांत दिलेल्या पाठाचें हें फळ.

परंतु या चित्राची दुसरी बाजू रमाबाईंनींच सांगितली आहे. संस्कृताखेरीज पोट भरण्याजोगी दुसरी विद्या मुलांस दिली गेली नाहीं. गांठीचा उरलासुरला पैसा दानधर्मांत व अनुष्ठानांत गेला. अंगमेहनतीची संवय नव्हती, आणि ती करणें कमीपणाचें वाटे. पुराण ऐकणारा गांवच उपाशी, तेथें पुराणिकास कोण देणार? हा दोष मातापित्यांच्या प्रेमाचा नव्हे. तो आपल्या वर्गाच्या जुन्या समजुतीचा होता.

रमाबाईंनीं ही उणीव ओळखली, असें त्यांच्या पुढील कार्यावरून दिसतें. १८८३ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो निर्णय कोणास रुचो वा न रुचो, १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत जाऊन त्यांनीं अनाथ मुली सोडवून आणिल्या, हें विसरतां येणार नाहीं. पुणें जिल्ह्यांतील केडगांव येथें त्या मुलींस लिहिणें वाचणें शिकविलें गेलें, आणि त्याबरोबर विणकाम, शेतकाम व छापखान्याचें कामहि. आईनें दिलेली पाटी त्यांनीं टाकली नाहीं. तिच्याशेजारीं माग उभा केला.

आज कणगी पूर्वीसारखी रिती होत नसेल. पण नोकरी जाते, धंदा बसतो, कर्ता पुरुष अंथरुणास खिळतो. अशा वेळीं बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. मुलांपासून सर्व लपविलें जातें, आणि त्यांना काडी उचलूं न देतां आईबाप स्वतःच्या घासांत काटकसर करितात. ही माया खरी. पण तिनें मूल दुबळें राहतें. त्यापेक्षां जाणत्या मुलास घरची स्थिति स्पष्ट सांगावी. त्याच्या अभ्यासाची वेळ मोडूं नये. आईस सवड नसेल तर आजीनें किंवा काकांनीं जवळ बसवावें, एकत्र कुटुंबाचा तोच तर उपयोग. आणि स्वयंपाक, शिवण, हिशेब, बागकाम यांपैकीं एखादें काम त्याच्या हातीं सोपवून त्याच्यावर विश्वास टाकावा, मग तो मुलगा असो वा मुलगी. लक्ष्मीबाईंची पहाट आपल्या घरांत यावी, आणि त्याच घरांत मुलांच्या हातांना कष्टांची लाज वाटूं नये, एवढें साधलें तरी पुष्कळ झालें.