धानपट्ट्यातील मेंदूज्वर : लक्षणे वेळीच ओळखा

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर जिल्ह्याच्या काही भागात धान हे खरिपाचे मुख्य पीक आहे. रोवणी आटोपली की बांध्यांमध्ये दोन-तीन महिने पाणी साचून राहते. या पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात व त्यांतील काही जपानी मेंदूज्वर या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करतात. रोग क्वचित होतो. पण झाल्यास जिवावर बेततो आणि मुख्यतः लहान मुलांना होतो. म्हणून त्याची लक्षणे प्रत्येक धान उत्पादकाला माहीत असावीत.

रोग कसा पसरतो?

हा विषाणू बगळ्यांसारखे पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात वाढतो. डुक्कर सहसा आजारी दिसत नाही. गाभण मादी मात्र मेलेली पिले टाकू शकते. डुकराला चावलेला डास पुढे माणसाला चावला की रोग होतो. माणसाच्या रक्तात विषाणू फार थोडा असल्याने रोग्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. त्यामुळे रोग्याची सेवा करण्यास भिऊ नये. हे डास संध्याकाळनंतर व रात्री चावतात.

लक्षणे

डास चावल्यानंतर ५ ते १५ दिवसांत लक्षणे दिसतात. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. सुमारे २५० पैकी एखाद्याच्याच मेंदूला सूज येते.

१) सुरुवातीस एकाएकी जोराचा ताप, डोकेदुखी व उलट्या होतात.
२) त्यानंतर मान ताठ होते, गुंगी येते, रोगी बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. झटके येतात, हातपाय थरथरतात किंवा लुळे पडतात. शेवटी शुद्ध हरपते.
३) तान्हे मूल सतत किंचाळून रडते, अंगावर पीत नाही, टाळू फुगते.

तापासोबत झटका, गुंगी किंवा वागण्यात बदल यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तो साधा ताप समजू नये. मेंदूच्या मलेरियातही अशीच लक्षणे असतात. नागपूर जिल्ह्यात १९६५ साली प्रथम आढळलेला, वाळूमाशीमुळे पसरणारा चांदीपुरा ज्वरही असाच दिसतो. हा फरक घरी ओळखता येत नाही, तपासणीच करावी लागते. मलेरियावर खात्रीचे औषध असल्याने रक्त तपासणी टाळू नये.

लगेच काय करावे?

१) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. झाडफुकीत वेळ दवडू नये.
२) रोग्याला कुशीवर झोपवावे. तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नये.
३) ताप केव्हा आला व झटका किती वेळ होता, हे डॉक्टरांना सांगावे.

जपानी मेंदूज्वराच्या विषाणूवर थेट औषध नाही. मात्र रुग्णालयात झटके, मेंदूची सूज व श्वास यांवर उपचार होतात. मेंदूला सूज आलेल्या १० पैकी ३ रोगी दगावू शकतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. म्हणून प्रत्येक तास मोलाचा आहे.

प्रतिबंधक उपाय

१) रोगग्रस्त जिल्ह्यांत मुलांना शासनाची लस मोफत मिळते. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या वयात द्यावा.
२) मुलांना रात्री मच्छरदाणीत झोपवावे.
३) डुकरे घरापासून दूर ठेवावीत.
४) डासाच्या अळीला वाढ पूर्ण करण्यास साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्यामुळे पाण्याची हमी असल्यास फुटव्याच्या काळात आठवड्यातून एकदा बांधीतील पाणी काढून २-३ दिवस जमीन उघडी ठेवावी. शेजारच्या सर्वांनी मिळून केल्यासच याचा उपयोग होतो. फुलोऱ्यात व दाणे भरताना पाणी तोडू नये.
५) डासांसाठी धानावर कीटकनाशक फवारू नये. त्याने अळ्या खाणारे चतुर व पाणकिडे मरतात.

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोवणीनंतर घरातील मुलाला ताप आला तर त्याच्या बोलण्या-वागण्याकडे बारीक लक्ष ठेवा. काही वेगळे वाटताच शेतातील काम बाजूला ठेवून दवाखाना गाठा.