आधी भिंत बघा, मग फिनिश ठरवा

मस्तानीची कबर असलेल्या पाबळसारख्या गावांत दगडमातीची जुनी भिंत आणि सिमेंटचे नवे प्लास्टर एकाच घरात भेटते. गिऱ्हाईक मात्र शहरात पाहिलेले टेक्स्चर दोन्हींवर मागते. रंगारी बंधूंनी इथेच सावध राहावे.

दगडमातीची भिंत ओल ओढते आणि सोडतेही. तिच्यावर ऑइलपेंट किंवा जाड टेक्स्चर चढवले की ओल आत कोंडते, लोणा फुटतो, पोपडे पडतात. तिला चुनाच बरा. त्यात खनिज रंग मिसळून छटाही साधता येते. नवे प्लास्टर सुमारे २८ दिवस वाळू द्यावे.

शंका असेल तर हातभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी भिंतीला चिकटवावा. दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले तर काम थांबवावे.

चकाकी प्रत्येक खड्डा दाखवते, मॅट झाकते. खडबडीत टेक्स्चरवर धूळ बसते. ते बैठकीच्या एका भिंतीपुरते ठीक. स्वयंपाकघरात पुसता येणारा गुळगुळीत रंगच हवा.

दर ठरवण्याआधी त्याच भिंतीवर दोन फुटांचा नमुना काढून उन्हाच्या आणि दिव्याच्या उजेडात दाखवावा. रंग सोलला तर कंपनीचे नाव कोणी घेत नाही, रंगाऱ्याचे घेतात.