शेवटची कुस्ती कुणाची?

कोरेगाव तालुक्यात यात्रेचं हँडबिल हातात पडलं की नजर आधी शेवटच्या कुस्तीवर जाते. एका बाजूला आपल्याकडचा नावाजलेला मल्ल आणि समोर बऱ्याचदा पंजाबचा किंवा हरियाणाचा पैलवान. गावची पोरं दुपारीच रेवड्यांवर लढून घेतात. दिवस कलला की मैदान पाहुण्यांचं. इंडियन सुपर लीग म्हणजे आयएसएल फुटबॉलच्या अकरा हंगामांचे आकडे मांडून बसलो, तेव्हा मला सारखं हे हँडबिल आठवत होतं.

२०१४ पासून २०२४-२५ पर्यंत सर्वाधिक गोलांचा ‘गोल्डन बूट’ एकदाही भारतीय खेळाडूला मिळालेला नाही. ब्राझीलचे खेळाडू तीनदा, स्पेनचेही तीनदा. त्यातले दोन एफसी गोवाच्या कोरोचे, लागोपाठच्या हंगामांत १८ आणि १६ गोल करून. उरलेले पाच बूट कोलंबिया, लिथुएनिया, नायजेरिया, ग्रीस आणि मोरोक्कोकडे गेले. मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजाराईने तर नॉर्थईस्ट युनायटेडकडून एका हंगामात २३ गोल केले.

लिथुएनियाशी मी अडलो. त्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत. आपला एकटा सातारा जिल्हा २०११ च्या जनगणनेतच तीस लाखांवर. तिथल्या वाल्स्किसने २०१९-२० मध्ये चेन्नईयिनकडून १५ गोल केले. तेवढेच गोल रॉय कृष्णाचे. तो फिजीचा, आणि तिथल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातला! हाडापेराचं, रक्ताचं कारण सांगणाऱ्यांनी हे एक नाव लक्षात ठेवावं.

मग फरक कुठला? माझ्या मते, जागेचा. पहिल्या हंगामात संघाच्या अकरा जणांत सहा परदेशी चालत. २०१७ ला पाच झाले, २०२१ ला चार. परदेशी कमी झाले, पण गोलसमोरची मधली जागा बहुतेक क्लबांनी त्यांच्याकडेच ठेवली. भारतीय पोरांना बाजू मिळाल्या: कडेने पळायचं, चेंडू आत द्यायचा. पेनल्टीही पुष्कळदा तो परदेशी आघाडीवीरच मारतो. अशा वेळी राष्ट्रीयत्वानुसार गोल मोजणं म्हणजे खरं तर कोण कुठे उभा होता ते मोजणं.

सुनील छेत्रीचंच पाहा. २०१७-१८ ला बेंगळुरूच्या आघाडीवर व्हेनेझुएलाचा मिकू होता. त्याचे १५ गोल, छेत्रीचे १४. एका गोलाचं अंतर! २०२४-२५ ला, चाळिशी गाठलेल्या छेत्रीने पुन्हा १४ केले आणि भारतीयांत तोच पहिला. मला या आकड्याचा अभिमान वाटतो आणि काळजीही. त्याच्यामागे दुसरा नऊ नंबर, म्हणजे मधला आघाडीवीर, तयार करायला एवढी वर्षं होती.

आपल्या भागात फुटबॉलचं वेड पाहायचं तर कोरेगाव स्टेशनवरून कोल्हापूरची गाडी धरावी. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार: तिथे संघांची नावंसुद्धा तालमींची नि मंडळांची, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीवर खेळला. पुढे तो आयएसएलमध्ये आला. तिथे तो बहुतेकदा कडेने पळताना दिसला.