जत्रेतला पहिलवान

तुम्ही घरी ‘तालीम’ म्हणता तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर शाळा येते. कोल्हापुरात एखाद्याला तालमीचा रस्ता विचारून पाहा. तो तुम्हाला गंगावेस, मोतीबाग किंवा शाहूपुरी तालमीच्या दारात नेऊन उभा करील. आत लाल मातीचा हौद असतो आणि त्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळलेले असते. शब्द तोच, पण येथे शिक्षण कुस्तीचे. पहिलवान, इनाम, मैदान, खुराक हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. वस्ताद म्हणजे तर तुमचा उस्तादच!

कोल्हापूरची कुस्ती म्हटली की मोठी नावे आठवतात. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ साली खासबाग मैदान बांधले. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर हे याच शहराच्या मातीत घडले. सोलापूर जिल्ह्यातील बोरामणीच्या शेख घराण्याने तर तीन महाराष्ट्र केसरी दिले : १९८० साली इस्माईल, १९९२ साली अप्पालाल आणि २००२ साली मुन्नालाल. ही नावे तुम्ही वर्तमानपत्रांतून वाचाल. पण तालमींत शेकडो मुले राबतात आणि महाराष्ट्र केसरीची गदा वर्षाला बहुधा एकाच्याच खांद्यावर जाते. मग बाकीच्यांचे काय होते? या पाठात आपण त्यांचीच माहिती घेऊ.

असा मुलगा बहुधा शेतकऱ्याचा किंवा मजुराचा असतो. दहा-बारा वर्षांचा असताना तो गावच्या जत्रेत पहिली कुस्ती करतो. इनाम काय, तर नारळ, रेवड्या किंवा थोडी चिल्लर. पोर चपळ आहे असे दिसले की वडील त्याला कोल्हापुरात आणून वस्तादांच्या स्वाधीन करतात. पहाटे चारच्या सुमारास तो उठतो. जोर, बैठका आणि मग हौदात लढत. दुपारी झोप आणि संध्याकाळी पुन्हा मेहनत. समोरच्याचे डोके कानावर घासून घासून कानात रक्त साकळते आणि पुढे कान कायमचा जाड व कडक होतो. असा मोडलेला कान दिसला की तो पहिलवान आहे हे विचारावे लागत नाही.

आता पैशांचे गणित पाहू. जत्रा जवळ आली की गावची कमिटी वर्गणी गोळा करते आणि कुस्त्या ठरवते. याला जोड नेमणे म्हणतात. पत्रकावर एक नंबरची, दोन नंबरची, तीन नंबरची अशी कुस्त्यांची नावे छापतात. एक नंबरच्या कुस्तीचे इनाम मोठ्या मैदानात लाखांत जाते. खाली उतरत जावे तसे ते हजारांवर आणि मग शेकड्यांवर येते. आपला पहिलवान या खालच्या नंबरांत असतो. तो सकाळी एस. टी. ने निघतो, दिवस मावळताना हलगीच्या तालावर लढतो आणि रात्री मिळेल त्या वाहनाने परततो. दुसऱ्या दिवशी दुसरे गाव.

जत्रांचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत चालतो. पावसाळ्यात मैदाने बंद असतात, पोट मात्र बंद नसते! दूध, तूप आणि थंडाईचे बदाम बारा महिने लागतात. इनाम सहा-सात महिन्यांचे आणि खुराक बारा महिन्यांचा, असा हा हिशेब आहे. मधली तूट घरचे लोक भरून काढतात. कोणी म्हैस विकतो, कोणी कर्ज काढतो. २०२० आणि २०२१ साली करोनामुळे जत्राच भरल्या नाहीत, तेव्हा कित्येक मल्ल गावी परतून शेतात कामाला लागले.

परदेशांतही अशी स्थिती असते का? अमेरिका आणि कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. तेथे मोठ्या लीगच्या खाली लहान लीग असतात. त्यांतले खेळाडूही बसने गावोगाव फिरतात आणि त्यांतल्या फार थोड्यांना मोठ्या लीगमध्ये जागा मिळते. मात्र त्यांना करारानुसार ठरलेला पगार तरी मिळतो. आपल्या पहिलवानाचा गुडघा फिरला की त्या दिवसापासून त्याची कमाई थांबते. याला थोडा आधार साखर कारखान्यांनी दिला आहे. कागलचा छत्रपती शाहू कारखाना, कुडित्रेचा कुंभी-कासारी असे कारखाने स्पर्धा घेऊन निवडक मल्लांना मानधन देतात. माझ्या मते कोल्हापूरच्या कुस्तीला टाळ्यांपेक्षा या मानधनाचा उपयोग अधिक झाला आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. जत्रेतल्या प्रेक्षकांना भारी देहाचा मल्ल आवडतो. तेथे जोड अंगापिंडाने आणि नावाने ठरते. त्यामुळे हलक्या वजनाचा मुलगा कितीही तरबेज असला तरी त्याला वरचा नंबर क्वचितच मिळतो. ऑलिंपिकमध्ये मात्र वजनी गट असतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव असेच हलक्या वजनाचे होते. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले व्यक्तिगत ऑलिंपिक पदक होय. आणि तरीही त्यांना पोलीस खात्यात नोकरी लागली ती १९५५ साली. १९८४ साली अपघातात ते वारले आणि अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावाने जाहीर झाला तो २००१ साली. पदक मिळवणाऱ्याची ही कथा, मग जत्रेतल्या पहिलवानाची काय असेल?

तिशी उलटली की शरीर थकू लागते. मेहनत कमी होते, पण भूक पूर्वीचीच राहते. म्हणून कुस्ती सोडल्यावर खुराक आवरला नाही तर वजन आणि रक्तदाब वाढतात. कोणी वस्ताद होतो, कोणी दुधाचा धंदा करतो, कोणी रखवालदार. मैदानात ध्वनिक्षेपकावरून डावांचे वर्णन करणारे निवेदकही पुष्कळदा जुने मल्लच असतात. धोबीपछाड कोणता आणि घिस्सा कोणता, हे अंगावर घेतल्याशिवाय कसे सांगता येईल?

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्या जागेसाठी दोन कागद लागतात : मान्यताप्राप्त स्पर्धेतील यशाचे प्रमाणपत्र आणि त्या पदासाठी लागणारे शिक्षण. जत्रेत शंभर कुस्त्या मारल्या तरी त्याचा कागद मिळत नाही. फेटा मिळतो, नारळ मिळतो. म्हणून आता पुष्कळ तालमींत हौदाशेजारी मॅटही आली आहे. मॅटवर वेळ आणि गुण मोजतात, तेथे चपळाई निराळी लागते. काही वस्ताद नव्या मुलाला घेताना त्याच्या वडिलांना पहिला प्रश्न विचारतात, “पोराचं नाव शाळेत आहे ना?”