तेलाचा डबा किलोचा की लिटरचा?

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात किराण्याची यादी करताना आपण डोकं कशावर शिणवतो? साखर कोणाकडे दोन रुपयांनी स्वस्त आहे, पोहे सुटे घ्यावेत की पाकिटातले, यावर. आणि बिलातला सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, त्या तेलाच्या डब्याला मात्र "नेहमीचाच द्या" म्हणून मोकळ्या होतो. मैत्रिणींनो, या वेळी डबा घरी आला की त्यावरची बारीक अक्षरं जरा वाचा. १५ किलो लिहिलंय की १५ लिटर?

दोन्ही डबे दिसायला जवळजवळ सारखेच. पण एक लिटर खाद्यतेलाचं वजन भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल असतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. किलोच्या डब्यापेक्षा जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम कमी! समजा लिटरचा डबा २,१०० रुपयांना आहे आणि किलोचा २,२५० ला. वरवर पाहता पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त. पण किलोवर हिशेब करा. पहिल्याचं तेल पडलं जवळपास १५४ रुपये किलो, दुसऱ्याचं १५०. महाग वाटणारा डबाच स्वस्त निघाला की नाही?

पिशव्यांचं तर विचारूच नका. एक लिटरची पिशवी ९१० ग्रॅमची, आणि तिच्याच शेजारी तशीच दिसणारी दुसरी ८५० ग्रॅमची, कधी त्याहूनही कमी. आपण दोन्हींना "लिटरची पिशवी" म्हणतो आणि पाच-सात रुपये वाचले म्हणून खूश होतो. पूर्वी चहा, बिस्किटं, तेल, साबणाची पावडर अशा बऱ्याच वस्तू ठरावीक वजनातच विकाव्या लागत. २०२१ साली नियम बदलले आणि ते बंधन गेलं. त्याच्या बदल्यात एक चांगली गोष्ट झाली. पाकिटावर एमआरपीच्या जोडीला एका ग्रॅमची, किलोची किंवा मिलिलिटरची किंमत छापायची अट आली. बारीक अक्षरात असते, पण असते. चष्मा लागला तरी हरकत नाही, दुकानात उभं राहून तीच वाचायची. सगळी आकडेमोड तिथे आयती केलेली मिळते.

ती वाचायला लागलात की काही गमतीही कळतील. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त पडतं, असं आपण धरून चालतो. शाम्पूची बाटली आणि पुडी ताडून पाहा बरं. पुडीतला शाम्पू मिलिलिटरमागे बाटलीपेक्षा बराच स्वस्त पडतो, कित्येकदा निम्म्याहूनही कमी. (पुड्यांचा प्लॅस्टिकचा कचरा होतो, हा मुद्दा खराच आहे, आणि तो प्रत्येकीने आपला आपण ठरवावा.) उलट पाच-दहा रुपयांच्या बिस्किटांच्या नि फरसाणाच्या पुड्यांचं. किंमत वर्षानुवर्षं तीच, वजन मात्र हळूहळू उतरत गेलेलं. मुलांच्या डब्यासाठी रोज एक पुडा लागत असेल तर मोठं पाकीट आणून बरणीत भरलेलं परवडतं.

एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत. त्याहून एक रुपयाही जास्त देऊ नका, थंड बाटलीला "गार करायचे" म्हणून मागितले तरी नाही. कमी मात्र खुशाल मागा, वाणी कमी घेऊ शकतो. करांचंही थोडं माहीत असावं. पॅकबंद, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या डाळ-तांदूळ-पिठावर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागला. सुट्या मालावर तो नाही. म्हणून तर त्यानंतर बाजारात २६ किलोच्या पिशव्या आल्या! आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

वर्षाचं धान्य भरावं का, हा आपल्याकडचा जुना प्रश्न. तूर डिसेंबर-जानेवारीपासून बाजारात येते, हरभरा त्यानंतर, गहू आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या वेळी भाव सहसा पडलेले असतात, म्हणून भरणं फायद्याचं, हे खरं. पण पोरकिड्याने चार किलो डाळ खाल्ली तर फायदा कुठे राहिला? ऊन देऊन, चाळून, कोरड्या कोठीत ठेवायला जागा आणि हात असतील तरच गहू वर्षाचा भरा. दोन खोल्यांच्या घरात चार माणसांसाठी डाळी तीन-चार महिन्यांच्याच पुरे.

आता मोबाइलवरच्या खरेदीकडे वळू. आपल्या गावात जे मिळत नाही ते घरपोच येतं, दुपारच्या वेळी निवांत बघता येतं, हा आनंद मोठाच आहे. पण तिथे हिशेबाची पद्धत बदलावी लागते. दुकानात आपण किंमत बघतो, मोबाइलवर सूट बघतो. "८० टक्के सूट" म्हणजे कशावर? खोडलेल्या त्या किमतीला ती साडी कधी कोणी घेतली होती का? सूट सोडा, शेवटी खिशातून जाणारा आकडा बघा, आणि तोही डिलिव्हरी, पॅकिंग, हाताळणी असं सगळं जोडून झाल्यावरचा.

फुकट डिलिव्हरीचं उदाहरण घ्या. तुमची खरेदी ३६० रुपयांची झाली. ४९९ च्या वर डिलिव्हरी फुकट, नाहीतर ४० रुपये. ते ४० वाचवायला आपण १३९ रुपयांची प्लॅस्टिकची टोपली उचलतो. घरात आधीच तीन असतात! टोपली हवीच होती तर गोष्ट वेगळी.

"फक्त दोन शिल्लक", "१० मिनिटांत ऑफर संपणार" ही घाईसुद्धा बरेचदा खोटी असते. न मागता टोपलीत घुसवलेली वस्तू, शेवटच्या पायरीवर वाढलेले पैसे, खोटी घाई अशा १३ युक्त्यांना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नावानिशी बंदी घातली आहे. तरीही पैसे भरण्याआधी टोपलीतली प्रत्येक ओळ वाचायची. आणि तातडीची गरज नसेल तर वस्तू टोपलीत ठेवून दोन दिवस थांबायचं. निम्म्या वस्तू आपोआप नकोशा होतात.

मोठ्या वस्तूंना "बिनव्याजी हप्ता" म्हणतात, त्याचंही सांगते. क्रेडिट कार्डवर व्याज लागतंच, फक्त तेवढी सूट आधी दिलेली असते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपणच भरतो, शिवाय प्रक्रिया शुल्क. व्याज हजार रुपये धरलं तर जीएसटी १८०, शुल्क १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे "बिनव्याजी" फ्रिजला ४१५ रुपये जास्तीचे. त्यापेक्षा मोबाइलवरचा भाव गावातल्या दुकानदाराला दाखवा. पुष्कळदा तो जवळपास तेवढ्यावर येतो, आणि फ्रिज बिघडला तर त्याच्या दुकानात जाऊन बसता येतं!

एवढं करून वाचलेले पैसे जातात कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. पाकिटात राहिले की ते भाजीत, रिक्षात, पाहुण्यांच्या चहात विरघळतात. पोस्टात आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते, मुदत पाच वर्षांची. तेलाच्या डब्यात वाचलेले पैसे त्याच दिवशी तिथे गेले पाहिजेत, तेही स्वतःच्या नावावर. घरखर्चातून आपण वाचवलेला पैसा "घरचाच" म्हणून मोजायचा राहतो, आणि वेळेला आपल्या हातात काहीच नसतं.

लहान गावात राहणाऱ्यांनी मागवण्याआधी आणखी एक पाहावं. आपल्या पिनकोडवर वस्तू पोहोचते, पण परत न्यायला माणूस येतो का? काही अ‍ॅपवर परतीची सोय सोडली की किंमत कमी दिसते. कपड्यांच्या बाबतीत हा सौदा नको, मापाचा भरवसा नसतो. पार्सल उघडताना घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगा, वरच्या पत्त्यापासून आतल्या वस्तूपर्यंत एका दमात. घरात कोणीच मागवलं नसेल, तर दारात पैसे देऊन पार्सल घेऊ नका, सासूबाईंनाही हे सांगून ठेवा. आणि कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. फोन मराठीतही करता येतो. बिल आणि ऑर्डरचा क्रमांक तेवढा हाताशी ठेवा.